घरचा स्टोरेज सर्व्हर रिकामा बसूनही ६०–७० वॅट खातोय, आणि कमी केलेले वॅट पुन्हा चढतायत

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. जुन्या ऑफिस पीसीत किंवा नव्या बोर्डावर साडेतीन इंची चार डिस्क लावल्या, ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा साधं डेबियन यांपैकी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, काम उत्तम चाललंय. पण रात्री घर झोपलेलं असताना, एकही फाइल कुणी उघडलेली नसताना मशीन ६५ वॅट ओढत राहतं. कुणी सांगितलं म्हणून पॉवरटॉप (वीज कुठे जाते ते दाखवणारा आणि कमी करणारा लिनक्सचा प्रोग्राम) चालवलं, आकडा ४० वर आला. महिन्याभराने बघितलं तर परत ६२.

एक वॅट वर्षभर चोवीस तास चालला की ८.७६ युनिट होतात. ६५ चे ३० वॅट झाले तर वर्षाला सुमारे ३०६ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचा असे आहेत, आणि सर्व्हरची युनिटं नेहमी तुमच्या घरच्या वापराच्या डोक्यावर बसतात. ६५ वॅट म्हणजे महिन्याला ४७ युनिट. ज्याचं घर आधीच २७० युनिटवर आहे, त्याची १७ युनिटं तिसऱ्या टप्प्यात जातात. म्हणून हिशेब करताना बिलाची सरासरी धरू नका. तुमच्या शेवटच्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवून जो दर येतो तो धरा.

बरेच जण इथून थेट खरेदीकडे वळतात: नवा पॉवर सप्लाय, कमी टीडीपीचा (पूर्ण लोडवरच्या वॅटच्या मर्यादेचा) प्रोसेसर. घाई करू नका. रिकामं मशीन जास्त खातं ते बहुधा एखादी वस्तू त्याला गाढ झोपू देत नाही म्हणून. एक कार्ड, एक डिस्क-पोर्ट, एक सेवा. ती सापडली की बाकीचं आपोआप खाली येतं, आणि ती सापडली नाही तर दहा हजारांचा नवा सप्लाय लावूनही चार-पाच वॅटच कमी होतात.

(खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा.)

आधी आकडा खरा आहे का ते बघा

वायरमनकडचा क्लॅम्प मीटर फक्त अँपिअर दाखवतो. त्याला २३० ने गुणलं की येतात ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत. कमी लोडवर संगणकाच्या सप्लायचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) बराच खाली घसरतो, त्यामुळे क्लॅम्प मीटरचे ६० प्रत्यक्षात ३५ वॅट असू शकतात. घरगुती बिल युनिटवर येतं, म्हणजे वॅटच मोजायला हवेत. यूपीएसच्या पडद्यावरचा टक्केवारीचा आकडाही या कामाचा नाही. वॅट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही दाखवणारा प्लगमधला एनर्जी मीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या.

हाताशी काहीच नसेल तर घराचा वीजमीटर आहे. त्याच्या दर्शनी पट्टीवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असा किंवा दुसरा एखादा आकडा छापलेला असतो आणि एक लाल दिवा लुकलुकतो. ३२०० च्या मीटरवर दर लुकलुकीला ११२५ वॅट-सेकंद खर्च झालेले असतात. फ्रिज, इन्व्हर्टर, वायफाय, टीव्हीचा स्टँडबाय, सगळं बंद करा. फक्त सर्व्हर चालू ठेवा. दिव्याच्या दोन लुकलुकींतलं अंतर मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. १८ सेकंद आले तर ६२ वॅट, २५ आले तर ४५, ४५ आले तर २५. दहा लुकलुकी मोजून सरासरी काढलीत तर चूक फार राहत नाही. इन्व्हर्टर बंद करायला विसरू नका, बॅटरी भरत असताना तो एकटाच सर्व्हरपेक्षा जास्त ओढतो.

मोजण्यापूर्वी मशीन चालू होऊन किमान दहा मिनिटं झालेली असू द्या, वेब पॅनेल ब्राउझरमधून बंद करा आणि मॉनिटरची केबल काढा. मॉनिटर जोडलेला आणि स्क्रीन जागी असेल तर प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग जागा राहतो आणि तुम्ही चुकीचाच आकडा लिहून ठेवता. स्क्रीन कायम जोडलेली ठेवायची असेल तर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) बूट-ओळीत कन्सोलब्लँक ६० लिहा, म्हणजे एका मिनिटात ती काळी होते.

पॅकेज सी-स्टेट: सगळ्यात जास्त वॅट इथेच अडकतात

प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांना सी-स्टेट म्हणतात; आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. पॅकेज म्हणजे अख्खी प्रोसेसर चिप. इंटेल प्रोसेसरवर पॉवरटॉप उघडा आणि टॅब दाबून आयडल स्टॅट्स पानावर जा. तिथे कोअरच्या रकान्यांकडे बघून फसू नका. कोअर ९९ टक्के सी७ मध्ये असले तरी त्याने काही सिद्ध होत नाही. डावीकडचा पॅकेजचा रकाना बघा. मेमरी कंट्रोलर, पीसीआयई (कार्डांची वाहिनी), चिपसेटची दुवा-वाहिनी हे सगळं मिळून झोपलं तरच पॅकेज खाली उतरतं. आठव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर चांगल्या बोर्डासह सी८ किंवा सी१० दिसायला हवं. चौथ्या पिढीच्या मशीनवर सी६ किंवा सी७ आलं तरी समाधान माना. आकडे जर सी२ किंवा सी३ वरच अडकलेले असतील तर चोर सापडला असं समजा. फक्त त्याचं नाव कळायचं आहे.

नाव काढायची खात्रीची पद्धत एकच. मशीन बंद करून वायर काढा. सगळी पीसीआयई कार्डं, सगळ्या डिस्क, एनव्हीएमई, यूएसबीला जोडलेलं सगळं बाहेर. फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डेबियनचा लाइव्ह पेन ड्राइव्ह. चालू करून पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून एकदा चालवा, पाच मिनिटं थांबा, पॅकेज स्टेट आणि वॅट वहीत लिहा. मग एक वस्तू परत लावा, पुन्हा तेच. ज्या वस्तूनंतर सी८ वरून सी३ वर येतं ती वस्तू दोषी. तासाभराचं काम आहे आणि कंटाळवाणं आहे, पण याच्या जागी अंदाज चालत नाही. दोन वस्तू एकदम लावलीत तर सगळं पुन्हा करावं लागतं.

मोकळ्या बोर्डावरच पॅकेज खाली जात नसेल तर बायोस बघा. पॅकेज सी-स्टेट लिमिट ऑटोवर असेल तर ते सी१० किंवा त्या बोर्डावर जे सर्वांत खोल असेल ते करा; बऱ्याच बोर्डांवर ऑटोचा अर्थ उथळ पातळी असाच असतो. नेटिव्ह एएसपीएम (पीसीआयईचे दुवे रिकामे असताना झोपवणारी सोय; एल१ ही तिची गाढ पातळी) चालू. डीएमआय (प्रोसेसर-चिपसेट दुवा), चिपसेट आणि पीईजी (प्रोसेसरला जोडलेला लांब स्लॉट) या तिन्हींचं एएसपीएम एल१. साटाचं अ‍ॅग्रेसिव्ह लिंक पॉवर मॅनेजमेंट चालू, आणि त्या पोर्टचं हॉट प्लग (चालू मशीनमध्ये डिस्क काढता-लावता येणं) बंद. हे शेवटचं बरेच जण विसरतात: हॉट प्लग चालू असलेल्या पोर्टला अलीकडचं लिनक्स कर्नल बाहेरचा पोर्ट समजतं आणि त्याच्या दुव्याची वीजबचत लागूच करत नाही. ऑनबोर्ड साउंड, सिरियल पोर्ट आणि दिव्यांची रोषणाई बंद करा. त्यातून वॅट-दीड वॅट मिळतो, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

दोषी ठरणाऱ्या वस्तू बहुतेक ठरलेल्याच असतात.

डिस्क जोडायची एलएसआयची ९२११-८आय किंवा त्याच एसएएस२००८ चिपवरची जुनी कार्डं. सर्व्हरच्या भंगारात स्वस्त मिळतात, आठ डिस्क लागतात, विश्वासू आहेत. पण कार्ड स्वतः ८ ते १० वॅट खातं आणि एएसपीएम करत नसल्याने अख्खं पॅकेज वर अडकवून ठेवतं. म्हणजे कार्डाचे दहा आणि प्रोसेसरचे दहा, असे वीस वॅट एका कार्डापायी जातात. शिवाय ती चिप तापते, तिच्यावर वेगळा पंखा हवा; त्याचा आणखी एक वॅट. सहापर्यंत डिस्क असतील तर ती आधी बोर्डावरच्या साटा पोर्टवर घ्या. पोर्ट कमी पडत असतील तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं कार्ड घ्या, ते एएसपीएम नीट करतं. काही कार्डं जुन्या फर्मवेअरसह येतात आणि फर्मवेअर बदलेपर्यंत एएसपीएम लागत नाही, हे लक्षात ठेवा. जेएमबी५८५ चिपचं पाच पोर्टांचं कार्ड तेवढंच स्वस्त दिसतं, पण पॅकेज खाली जाऊ देत नाही अशी त्याची ख्याती आहे. वीज वाचवायला म्हणून ते घेऊ नका. एका साटा पोर्टवरून पाच पोर्ट काढणारे मल्टिप्लायर तर कशालाच वापरू नका.

कार्ड बदलताना डेटाचं काय? झेडएफएस किंवा एमडीएडीएमचा पूल (सॉफ्टवेअरने अनेक डिस्क मिळून केलेला एक साठा) डिस्कवरच्या खुणांवरून ओळखला जातो, पोर्ट बदलले तरी चालतं. झेडएफएसचा पूल आधी एक्स्पोर्ट करा, मग बंद करून हलवा, मग इम्पोर्ट. पण कार्ड जर खऱ्या अर्थाने हार्डवेअर रेड (डिस्क एकत्र जोडण्याचं काम कार्डाच्याच चिपने) करत असेल तर हे लागू नाही. तिथे डिस्क दुसरीकडे लावल्या तर अ‍ॅरे दिसणारच नाही. आधी बॅकअप, मग हात.

कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे यानेही फरक पडतो. सर्वांत वरचा लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, आणि बऱ्याच बोर्डांवर तिथे काहीही लावलं की पॅकेज खोल जात नाही. तेच कार्ड खालच्या, चिपसेटच्या स्लॉटमध्ये लावून बघा. पीसीआयई ३ च्या एका लेनमधून सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट जातात, सहा डिस्कला प्रत्येकी १६० येतात. घरच्या गिगाबिट नेटवर्कला एवढं पुरून उरतं.

ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं म्हणून कुणीतरी जुनं कार्ड लावून दिलेलं असतं. ते नुसतं बसून ५ ते १० वॅट घेतं. बरेच बोर्ड सेटअप झाल्यावर कार्डाशिवायही चालू होतात, काढून बघा.

नेटवर्क. रिअलटेकच्या चिपवर लिनक्सचा आर८१६९ ड्रायव्हर कित्येक बोर्डांवर सावधगिरी म्हणून एल१ बंदच ठेवतो. एलएसपीसीआय दोनदा व्ही देऊन चालवा. नेटवर्कच्या उपकरणाखाली लिंक कंट्रोलच्या ओळीत एएसपीएम डिसेबल्ड दिसेल. सिस फाइल-यंत्रणेत त्या उपकरणाच्या लिंक फोल्डरमध्ये एल१ एएसपीएम नावाची फाइल असते, तीत १ लिहिलं की चालू. त्यानंतर दोन दिवस कर्नलच्या नोंदी बघा. नेटवर्क मधूनच तुटत असेल तर ० करून तो वॅट सोडून द्या. जुन्या टेन-गिगाबिट कार्डांचं गणित एलएसआयसारखंच: स्वतःचे वॅट अधिक पॅकेज अडकणं.

कर्नलच्या नोंदींत एफएडीटी (बायोसने दिलेला तक्ता) एएसपीएमला आधार नाही म्हणतं, म्हणून बंद करतोय अशा अर्थाची ओळ दिसली तर पीसीआयई एएसपीएम फोर्स हा पर्याय इंटरनेटवर सगळीकडे सुचवलेला आढळेल. तो शेवटचा उपाय ठेवा. आधी बायोसची नवी आवृत्ती टाका आणि नेटिव्ह एएसपीएम तपासा. जबरदस्तीने चालू केलेलं एएसपीएम एखाद्या कार्डाला मानवलं नाही तर ते कार्ड मध्यरात्री गायब होतं, आणि ते डिस्कचं कार्ड असेल तर पूल अर्धवट होतो. तसंच, कधीकाळी एनव्हीएमई अडकतेय म्हणून कुणाच्या सांगण्यावरून डीफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी शून्य केलेली असेल तर ती ओळ काढून एकदा बघा. तिने एनव्हीएमईची झोपच बंद होते.

डिस्कच्या दुव्यांसाठी प्रत्येक पोर्टची लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी मीडियम पॉवर विथ डीआयपीएम यावर ठेवा. त्याच्याही खालची मिनिमम पॉवर नको. काही डिस्कवर तिने डेटा खराब होण्यापर्यंत मजल गेलेली आहे, आणि फायदा नगण्य.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांसाठी थोडक्यात: पॉवरटॉपमधलं पॅकेजचं हे चित्र तिथे असंच दिसत नाही, तेव्हा वॅटचा आकडाच बघा. तुकड्यांनी बनलेले साधे रायझन रिकामे असतानाही जास्त घेतात, त्यांतली वेगळी आयओ चिप शांत बसत नाही. एकसंध सिलिकॉनचे, ५६००जी सारखे, त्यामानाने बरेच कमी घेतात.

डिस्क झोपल्या की कुणीतरी उठवतं

साडेतीन इंची डिस्क फिरत असताना रिकामी ४ ते ६ वॅट घेते, थांबलेली असताना एक वॅटच्या आत. चार डिस्क दिवसातले १८ तास थांबल्या आणि त्यातून १८ वॅट वाचले तर वर्षाला ११८ युनिट. पण डिस्क थांबवणं सगळ्यांसाठी नाही. दिवसातून चार-पाचदाच हात लागत असेल तर थांबवा. दर वीस मिनिटांनी कुणी ना कुणी उठवत असेल तर थांबवू नका, त्यात डिस्क झिजते आणि हाती काही लागत नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच अ‍ॅरेवर चालत असेल तर विषयच संपला. कॅमेऱ्यांना एक वेगळी डिस्क द्या, ती बिचारी चोवीस तास फिरेल, बाकीच्या झोपतील.

लग्नसराईचं फुटेज सांभाळणाऱ्या स्टुडिओत वेगळी अडचण असते. दिवसभर एडिटिंग सर्व्हरवरूनच चालतं. तिथे चालू कामाचे प्रोजेक्ट एका एसएसडीवर ठेवायचे आणि संपलेलं लग्न रात्री डिस्कच्या पूलवर सरकवायचं. मग मोठ्या डिस्क रात्री एकदाच उठतात.

डिस्क किती वेळाने थांबावी हे ठरवायला एचडीपार्म या आज्ञेचा मोठ्या एसचा पर्याय. त्याचे आकडे फसवे आहेत: १ ते २४० पर्यंत प्रत्येक अंक पाच सेकंदांचा, म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटं. २४१ पासून प्रत्येक अंक अर्ध्या तासाचा, म्हणजे २४१ अर्धा तास, २४२ एक तास. २४१ पासून सुरुवात करा. मोठ्या बीच्या पर्यायात १२७ किंवा त्याखालचा अंक असेल तरच डिस्क स्वतःहून थांबू शकते; १२८ ते २५४ मध्ये थांबणं नाही. फार खालचा अंकही देऊ नका, डोकं दर काही सेकंदांनी पार्क होऊ लागतं. नॅसच्या बऱ्याच डिस्कना ६,००,००० लोड-अनलोडची मर्यादा दिलेली असते. ऐकायला प्रचंड वाटतं, पण दर दहा सेकंदांना एकदा झालं तर ७० दिवसांत संपते. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या) अहवालात लोड सायकल काउंट आज लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा. काही डिस्क एचडीपार्मचा टायमर मानतच नाहीत. त्यांना एचडी-आयडल नावाचा छोटा प्रोग्राम थांबवतो.

थांबली का ते मोठ्या सीच्या पर्यायाने कळतं: स्टँडबाय किंवा अ‍ॅक्टिव्ह. त्याने डिस्क उठत नाही. आता उठवणारा शोधायचा. फॅटट्रेस बसवून फक्त त्या डिस्कच्या माउंटवर चालू ठेवा आणि नोंद एसएसडीवर जाऊ द्या (पूलवरच लिहिलीत तर तीच नोंद डिस्क जागी ठेवेल). सकाळी प्रत्येक ओळीत प्रोग्रामचं नाव आणि फाइलचा पत्ता सापडतो. झेडएफएसवर फॅटट्रेस गप्प बसलं तर आयओटॉप साठवत्या बेरजेसह चालवा.

सापडणारी मंडळी ठरलेली आहेत. स्मार्ट तपासणारी स्मार्टडी सेवा: तिच्या ओळीत एनच्या पर्यायात स्टँडबाय आणि क्यू लिहिलं की ती झोपलेल्या डिस्कला हात लावत नाही. ट्रूनॅसवर सिस्टिम डेटासेट पहिल्या पूलवर जाऊन बसतो आणि नोंदी लिहीत राहतो. तो बूट पूलवर किंवा एसएसडीच्या पूलवर हलवा. डॉकरच्या कंटेनरांचे डेटाबेस आणि लॉग. माध्यम-सर्व्हरची लायब्ररी तपासणी आणि लघुचित्रं बनवणं. प्रॉक्समॉक्सची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टिमची) पीव्हीईस्टॅटडी सेवा दर काही सेकंदांनी एलव्हीएमची (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेची) पाहणी करते आणि त्यात प्रत्येक डिस्क वाचली जाते. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये ग्लोबल फिल्टर टाकून त्या डिस्क वगळा. फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं, म्हणजे एटाइम, बंद करा, नाहीतर नुसतं वाचलं तरी लिहिलं जातं.

आणि सर्व्हरवर काहीच सापडलं नाही तर घरातले विंडोज संगणक बघा. मॅप केलेला ड्राइव्ह, त्यावर इंडेक्सिंग, अँटिव्हायरसची नेटवर्क तपासणी. एकेक संगणक बंद करून रात्र काढा.

महिन्यात एखाद्याच रविवारी आकडा चढला तर घाबरायचं कारण नाही. डेबियनवर एमडीएडीएमची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि झेडएफएसचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) दुसऱ्या रविवारी चालतो. तो चालायलाच हवा. वीज वाचवायला स्क्रब बंद करणं म्हणजे गाडी पेट्रोल खाते म्हणून ऑइल न बदलणं.

पॉवर सप्लाय, पंखे, रॅम

६५० वॅटच्या सप्लायला ३० वॅटचा लोड म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. ८० प्लसचं गोल्ड लेबल २०, ५० आणि १०० टक्क्यांवर मोजलेलं असतं, पाच टक्क्यांवर तो सप्लाय कसा वागतो हे लेबल सांगत नाही. चांगल्या-वाईटात इथे चार ते आठ वॅटचा फरक पडू शकतो. पाच वॅट म्हणजे वर्षाला ४४ युनिट. उदाहरणासाठी दहा रुपये युनिट धरा, ४४० रुपये. चालू सप्लाय धड असेल तर चार-पाच हजारांचा नवा फक्त या कारणासाठी घेऊ नका. जुना मरेल तेव्हा लहान क्षमतेचा, कमी लोडवर मोजमाप झालेला घ्या.

पिकोपीएसयू (बोर्डावर बसणारा चिमुकला सप्लाय) आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर हा मार्ग चांगला आहे, पण लोक तो मोजून घेत नाहीत. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास खेचते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की आठ अँपिअर, त्यावर बोर्ड. निदान १२.५ अँपिअरचा, नावाजलेला अडॅप्टर हवा. सीसीटीव्हीसाठी मिळणारा जाळीचा दहा अँपिअरचा एसएमपीएस लावलात तर सुरू होताना व्होल्टेज खाली जातं, एखादी डिस्क रीसेट होते, कर्नलमध्ये लिंक रीसेटच्या ओळी येतात आणि माणूस साटा केबल बदलत बसतो. मोलेक्सवरून साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त कनेक्टरही टाळा, ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

टी अक्षराचा कमी टीडीपीचा प्रोसेसर रिकामा असताना साध्याइतकंच घेतो. टीडीपी फक्त कमाल लोडची मर्यादा आहे. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर पॉवरसेव्ह केल्यानेही रिकाम्या मशीनचे वॅट फारसे हलत नाहीत. रॅमची प्रत्येक पट्टी एक ते तीन वॅट घेते, लागत नसेल ती काढा. पंखे कमी वेगाला ठेवा, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर मशीन असेल तर डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या आत राहतंय का बघत राहा. वॅटभर वाचवायला डिस्क भाजू नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वर्कशॉपच्या वस्तीत धूळ बारीक आणि धातूची असते. फिल्टर महिन्याला साफ केला नाही तर पंखे वेग घेतात आणि आकडा हळूहळू चढतो.

कमी केलेले वॅट परत का चढतात

पहिलं कारण: पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून रीस्टार्टनंतर उरत नाही. ते सिस्टिमडीची (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी) सेवा करून ठेवा. ट्रूनॅसवर इनिट स्क्रिप्टमध्ये पोस्ट-इनिटला. मात्र ते यूएसबीलाही झोपवतं. यूपीएस यूएसबीने जोडलेला असेल तर सेवेत पुढच्याच ओळीत त्या एका उपकरणाचा पॉवर कंट्रोल परत ऑनवर लिहा. नाहीतर लाइट गेल्याचा निरोप सर्व्हरला पोचत नाही.

दुसरं: एचडीपार्मच्या फाइलमध्ये डिस्क एसडीए, एसडीबी अशी लिहिलेली. रीस्टार्टनंतर ही नावं फिरतात, नियम भलत्याच डिस्कला लागतो. बाय-आयडीचा पत्ता वापरा, त्यात डिस्कचा सिरियल नंबर असतो. ओपनमीडियाव्हॉल्टवर फाइल हाताने बदलू नका, ते स्वतःची फाइल परत लिहितं. वेब पॅनेलमधूनच करा.

तिसरं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हमखास: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. लाइट जाऊन यूपीएसही संपला, मशीन काही तास पूर्ण बंद राहिलं, आणि सेल म्हातारा असेल तर बायोस मूळ सेटिंगवर जातं. पॅकेज लिमिट ऑटो, एएसपीएम बंद. मशीन चालू होतं, फाइली दिसतात, काही बिघडल्यासारखं वाटतच नाही. फक्त वीस वॅट वाढलेले असतात. घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर हेच झालंय. सेल काढून मल्टिमीटरने मोजा: नवा ३ व्होल्ट किंवा थोडा वर, २.७ च्या खाली आला की बदला. बदलल्यावर बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत परत लागतं. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग असंच उडतं.

चौथं: कर्नल किंवा सिस्टिमचा अपडेट. अपडेटनंतर दहा मिनिटांनी पॅकेज स्टेट बघायची सवय ठेवा, मीटरकडे नंतर.

इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनी एक बघा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटचा) सप्लाय गुरगुरतो किंवा बंद पडतो. शुद्ध साइन वेव्हचाच हवा. आणि सर्व्हर रात्री पूर्ण बंद ठेवून आरटीसीवेकने (बोर्डाच्या घड्याळावर ठरलेल्या वेळी) किंवा वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून संदेश देऊन) उठवायचा असेल, तर ईआरपी (बंद मशीनची स्टँडबाय वीज तोडणारं बायोसचं सेटिंग) बंद असायला हवं. ठरलेल्या वेळी लाइट नसेल तर आरटीसीची वेळ हुकते. लाइट जाऊन आल्यावर बऱ्याच बोर्डांवर नेटवर्क चिप तोपर्यंत वेकचा संदेश ऐकत नाही, जोपर्यंत मशीन एकदा हाताने चालू करून नीट बंद केलं जात नाही. अशा बोर्डावर बायोसमध्ये रिस्टोअर ऑन एसी लॉस हे पॉवर ऑनवर ठेवा, आणि मशीन चालू झाल्यावर अर्धा तास कुणी जोडलेलं नसेल तर स्वतःहून बंद होईल अशी स्क्रिप्ट लावा.